अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड की एलपी?

पुण्यात जुन्या रेकॉर्ड जमवायचा नाद लागला की रविवारी-बुधवारी पावलं जुन्या बाजाराकडे वळतातच. तिथे दोन्ही दिसतात: लाखेची जड, ठिसूळ ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) आणि व्हिनाइल या प्लास्टिकची एलपी, म्हणजे लाँग प्ले.

ख्याल ऐकायचा तर सरळ एलपी घ्या. १९४८ साली कोलंबियाने ती बाजारात आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. भीमसेनजींचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल तेवढ्यात निदान ऐसपैस बसतो. ७८ला मिळतात जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. पण किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ सालीच गेले. त्यांना एलपी मिळालीच नाही. त्यांनी त्या तीन मिनिटांतच राग असा उभा केलाय की घाई कुठे जाणवत नाही. माझ्या मते ही शिस्त पुढे लांबलचक मुद्रणांत थोडी सैलावली. (मित्रांना हे अजिबात पटत नाही.)

देखभालीत मात्र ७८ छळते. तिची खाच रुंद, त्यामुळे वेगळी, जाड सुई लागते. एलपीची सुई लावलीत तर ती तळाशी घासत फक्त खरखर ऐकवते. पुसायला स्पिरिट कधीच नको, लाख विरघळते. एलपी साध्या ओल्या मऊ फडक्याने स्वच्छ होते, फक्त पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते.

घेताना ७८ कडेने बोट फिरवून केसासारखी चीर तपासा. एलपी उन्हात तिरकी धरा, चरे लगेच दिसतात.