दुपारी चालू करून दाखवलेली गाडी

आमची डिझेल गाडी 2006 सालची. मी निफाडजवळ राहते, शाळा चौदा किलोमीटरवर आणि सत्र सकाळचं. इथली थंडी कशी असते ते नाशिककरांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान पेपरात छापून येतं, ते पुष्कळदा एक आकडी असतं, आणि द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या करून जागत असतात. अशा एका सकाळी सव्वासहाला मी सेल्फवर सेल्फ मारत होते आणि गाडी उठत नव्हती.

हे 2024 च्या जानेवारीतलं. आपण फसलो आहोत हे कळायला मला अकरा महिने लागले.

लक्षणं आधी सांगते, कारण तुमच्याही जुन्या गाडीत हीच दिसतील. चावी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागायचा आणि विझायचा, अगदी नेहमीसारखा. मग आठ-दहा सेल्फ. सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर. एखाद-दुसऱ्या सिलेंडरवर थडथडत इंजिन कसंबसं उठायचं, मिनिटभरात सुरळीत व्हायचं आणि मग दिवसभर पहिल्या सेल्फला चालू. हे सगळं मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी, याच शब्दांत सांगितलं होतं. निदान त्यातच होतं.

गॅरेज नाशिकमधलं, ओळखीच्या माणसाने सुचवलेलं. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. आधी त्यांचा मुलगा घरी आला, एअर फिल्टर उघडून त्यात स्टार्टिंग स्प्रे मारला आणि सेल्फ दिला. आतून घण घातल्यासारखा आवाज होऊन गाडी चालू झाली. हे कुणाला करू देऊ नका. तो स्प्रे इथरचा असतो आणि हीटर प्लग (गार इंजिन उठवायला सिलेंडरमध्ये बसवलेले छोटे हीटर) तापलेले असतील तर नको त्या वेळी भडकतो. पिस्टन आणि रिंगा फुटायची वेळ येते. चालू झालेल्या गाडीकडे बघून तो म्हणाला, "मॅडम, डिझेल फवारणारा पंप आणि नोझल गेलेत. धूर बघा ना."

गाडी गॅरेजला गेली. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला, पंप-नोझलचं कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलच्या फवाऱ्याची जुळणी, करावी लागेल आणि चारही हीटर प्लग नवीन टाकावे लागतील. मी समोर असताना त्यांनी हीटरच्या वायरला टेस्टर लावून दाखवला, दिवा लख्ख लागला. "वायरिंग ओके आहे," ते म्हणाले. प्लगचे 3,800, पंप-नोझलचे 14,500, मजुरी 3,500, असे एकूण 21,800 रुपये झाले. बिल साध्या पॅडवर हाताने लिहिलेलं होतं. सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी.

गाडी ताब्यात दिली दुपारी बारा वाजता. एका सेल्फला चालू करून दाखवली.

सगळी फसवणूक त्या बारा वाजण्यात होती. हे लक्षात येण्यासाठी हीटर प्लग काय करतो ते माहीत हवं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. आमच्यासारख्या जुन्या, प्री-चेंबरवाल्या (डिझेल आधी एका लहान कप्प्यात पेटतं अशा) इंजिनात हवा साधारण 22 पट दाबली जाते. पण इंजिनाचं लोखंड गारठलेलं असेल तर ती उष्णता तेच शोषून घेतं. ती तूट भरून काढायला प्रत्येक सिलेंडरमध्ये पेन्सिलीएवढा एक हीटर असतो. त्याचं टोक काही सेकंदांत आठशे अंशांच्या वर तापतं. इंजिन कोमट असलं तर या हीटरची फारशी गरजच उरत नाही. गॅरेजच्या आवारात मुलांनी सकाळपासून चार वेळा चालू केलेली गाडी, प्लग मेलेले असले तरी, दुपारी सुरू होणारच होती.

पुढच्या सकाळी दोन-तीन सेल्फ जास्त लागले. मी फोन केला. "नवीन पार्ट आहेत, सेट व्हायला आठवडा लागतो," असं उत्तर मिळालं. आठवड्यात थंडी ओसरली. फेब्रुवारी, मार्च, मग उन्हाळा. गाडी सुरळीत. मी समाधानी होते, इतकी की तिघांना त्याच गॅरेजचं नाव सुचवलं. सहा महिन्यांची गॅरंटी जुलैत संपली. थंडीच्या बिघाडाला जानेवारीत सहा महिन्यांची गॅरंटी देणं म्हणजे ती न देण्यासारखंच आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

डिसेंबरात पहिली कडक थंडी पडली आणि तोच धूर, तेच सेल्फ. दोन दिवसांत बॅटरीही बसली. या वेळी नाशिकला फोन केल्यावर उत्तर आलं, "मॅडम, आता कॉम्प्रेशन गेलंय. हाफ इंजिन काढावं लागेल." खर्च पन्नास हजारांच्या पुढे.

गावातल्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याची मुलगी माझ्या वर्गात आहे. त्याला बोलावलं तेव्हा त्याने एकच सांगितलं, "बाई, रात्रीपासून गाडीला हात लावू नका. मी सहाला येतो." गॅरेजवाल्याने हे एकदाही म्हटलं नव्हतं.

तो आला तो मल्टिमीटर आणि बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घेऊन. गार इंजिनावर मला चावी फिरवायला लावली, सेल्फ मारू दिला नाही. चारही प्लगना जोडणाऱ्या पट्टीवर त्याने मीटर लावला. बॅटरीवर 12.1 आणि पट्टीवर 8.3. मग तो रिलेकडे, म्हणजे प्लगना वीज सोडणाऱ्या स्विचकडे, गेला. आत येणाऱ्या जाड वायरवर 12.1, बाहेर जाणाऱ्या वायरवर 8.3. म्हणजे रिलेचे आतले पॉइंट जळलेले होते. मग पट्टी मोकळी करून त्याच वायरवर पुन्हा मोजलं तर सरळ 12! मला गॅरेजमध्ये दाखवलेला लख्ख दिवा हाच होता. एकेक प्लग दहा-बारा अँपिअर ओढतो, चार मिळून चाळीसच्या वर. हा भार असतानाच पॉइंट जळलेत हे कळतं, बिनभाराचा टेस्टर लावून काही कळत नाही. आणि व्होल्टेज तिसऱ्या हिश्शाने घटलं की प्लगची उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते.

डॅशबोर्डवरच्या वेटोळ्याच्या पिवळ्या दिव्याचंही, म्हणजे हीटर प्लगच्या दिव्याचंही, त्याने सांगितलं. आमच्या गाडीत तो फक्त टायमरवर चालतो. प्लग चारही मेले तरी तो तसाच लागतो नि विझतो.

पट्टी काढलेलीच होती, म्हणून प्लगही तपासले. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला. दोन प्लगना दिवा लागला, दोनला नाही. मीटरवर चांगले प्लग एक ओहमच्या आत दाखवत होते, मेलेल्यांवर आकडाच येत नव्हता. ही तपासणी पट्टी काढूनच करायची असते. ती जागेवर असली तर शेजारच्या चांगल्या प्लगमधून दिवा लागतो आणि मेलेला जिवंत वाटतो.

मग तो थांबला आणि म्हणाला, "बाई, इकडे या. हे नट बघा." पट्टीवरच्या नटांवर तेल-धुळीचा काळा थर बसलेला होता, जिथे त्याने नुकताच पाना लावला तेवढीच धातूची ताजी रेघ. प्लगच्या षटकोनावर गंज, पान्याची एकही खूण नाही. अकरा महिन्यांपूर्वी बदललेले प्लग असे दिसत नाहीत. पंपाच्या स्क्रूवरचं तारेचं सील जसंच्या तसं होतं. सील न तोडता त्या पंपाचं कॅलिब्रेशन होत नाही.

माझे पाय गळाले, खरं सांगते. 21,800 रुपयांत एक नटही फिरला नव्हता.

चार नवे प्लग, रिले आणि त्याची मजुरी मिळून 3,270 रुपये लागले. प्लग काढताना त्याने घाई केली नाही. इंजिन थोडं कोमट करून, गंजरोधक तेल सोडून, तासभर थांबून हळूहळू सोडवले. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग तुटला तर हेड उतरवावं लागतं. जुने प्लग आणि जुना रिले त्याने न मागता माझ्या हातात ठेवला. गाडी मात्र ताब्यात दिली नाही. रात्रभर अंगणात उभी ठेवली, पहाटे स्वतः आला आणि मला सेल्फ मारायला लावून मगच पैसे घेतले.

नाशिकला जाऊन मालकांना फोटो दाखवले. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही दहा-अकरा महिने गाडी चालवलीत आणि जुने प्लग भंगारात गेले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजकडून उत्तर आलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील नसला तरी चालतं. हाताने लिहिलेलं बिल मी जपून ठेवलं होतं आणि पैसे मोबाइलवरून दिले होते, म्हणून एवढं तरी जमलं. नटांचे फोटो हात लावण्याआधी काढायला हवे होते. ते मी नंतर काढले, आणि समोरची बाजू त्यावरच बोट ठेवणार याची मला काळजी आहे.

ज्या तिघांना मी ते गॅरेज सुचवलं होतं त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. दोघांनी फक्त ऑइल बदललं होतं. तिसरे आमच्याच शाळेतले निवृत्त सर. त्यांच्या जीपला फेब्रुवारी 2024 मध्ये चार हीटर प्लग आणि पंपाचं कॅलिब्रेशन, तशाच पॅडवरचं बिल. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. आम्ही येत्या रविवारी पहाटे सहाला त्यांच्या जीपचं बॉनेट उघडणार आहोत, आणि या वेळी आधी फोटो काढणार आहोत.