‘रेअर’चं लेबल वाचून हुरळू नका: डी अँड डीच्या जादुई शस्त्रांचा रिव्ह्यू

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत टेबलावर खेळायचा गोष्टीचा खेळ; आमच्याकडे तो मी चालवते. माझ्या धाकट्या भावाच्या फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, पाचव्या लेव्हलला मी व्हिशस कुऱ्हाड दिली, तेव्हा आपण मोठं घबाड दिलं असंच मला वाटत होतं. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या नियमपुस्तकात, व्हिशस वेपन ‘रेअर’ आहे (कॉमन, अनकॉमन, रेअर, व्हेरी रेअर, लेजेंडरी असे चढते गट), म्हणजे ५०१ ते ५,००० सोन्याच्या नाण्यांच्या गटातलं. नाव ऐकून टेबलावर सगळे खूश झाले. चार सेशन झाली. पाचव्या सेशनला भाऊ वीस बाजूंचा फासा हातात घोळवत म्हणाला, “ताई, वीस पडल्याशिवाय ही कुऱ्हाड जादूची आहे हे कळतच नाही गं.”

त्या रात्री मी वही घेऊन बसले. फायटरचा वार साधारण ६५ टक्के वेळा लागतो असं धरलं. व्हिशसचं जादा डॅमेज ७, तेही फक्त फाशावर वीस पडले तरच. वीस पडणार वीस वारांत एकदा. म्हणजे एका वारामागे ०.३५. त्याच ‘रेअर’ गटात फ्लेम टंग तलवार आहे. ती पेटलेली असेल तर लागलेल्या प्रत्येक वाराला दोन डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) आगीचं डॅमेज, सरासरी ७, आणि क्रिटिकलला, म्हणजे वीस पडले की, ते फासेही दुप्पट. एका वारामागे ४.९. चौदा पट! पुस्तकात दोन्हींना एकच गट, एकच किंमत, आणि प्रत्यक्षात एवढी तफावत.

म्हणून माझं ठाम मत झालंय की शस्त्राची किंमत त्याच्या गटावरून ठरवूच नये. त्याची करामत एका संध्याकाळच्या खेळात किती वेळा वापरात येते, ते मोजावं.

आता फ्लेम टंगच सगळ्यांत भारी, असंही नाही. ते कोणाच्या हातात आहे यावर बरंच अवलंबून असतं. पाचव्या लेव्हलच्या फायटरला एका टर्नमध्ये दोन वार मिळतात, अकराव्याला तीन, म्हणून दर वाराला मिळणारं डॅमेज त्याच्याकडे साठत जातं. ‘रोग’ या चोरट्या पात्राचं तसं नाही. त्याचा एकच वार, आणि अख्खा स्नीक अटॅक (संधी साधून मारलेल्या वाराचं जादा डॅमेज) त्या एका रोलवर. नवव्या लेव्हलला पाच डी६ चा स्नीक अटॅक हुकला की टर्न पाण्यात. त्याला साधी +२ रेपियर (नेमात आणि डॅमेजमध्ये दोन मिळवणारी बारीक तलवार) दिली तर नेम दहा टक्क्यांनी सुधारतो, आणि माझ्या वहीत ती एका वारामागे सव्वाचारच्या आसपास येते. फ्लेम टंग तिच्या जेमतेम पुढे. शिवाय +२ ला अट्यूनमेंट, म्हणजे पात्राने वस्तूशी आधी जोडून घेणं, लागत नाही. एका पात्राला एकूण तीनच अट्यूनमेंट मिळतात, त्यातलं एक वाचणं ही छोटी गोष्ट नव्हे. आणि समोर डेव्हिल आले तर फ्लेम टंगची आग त्यांना लागतच नाही, ते आगीला इम्यून असतात. +२ कुणाहीसमोर +२ च राहतं.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. २०१४च्या नियमांत कितीतरी राक्षसांना बिनजादूच्या शस्त्रांपासून संरक्षण आहे. वेअरवुल्फ घ्या: जादू नाही आणि चांदीचा मुलामाही नाही, अशा शस्त्राने त्याला ओरखडाही उठत नाही. तिथे अंधारात नुसता उजेड देणारी मून-टच्ड तलवारही चालते, आणि ती ‘कॉमन’ गटातली आहे! पार्टीचं, म्हणजे पात्रांच्या टोळीचं, पहिलं जादुई शस्त्र म्हणूनच इतकं मोलाचं असतं. २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये हे संरक्षण काढून टाकलंय, त्यामुळे नवे नियम वापरत असाल तर हा मुद्दा बाद.

माझं सगळ्यांत लाडकं शस्त्र मात्र डॅमेजच्या हिशेबात बसतच नाही. वेपन ऑफ वॉर्निंग. गट ‘अनकॉमन’, अट्यूनमेंट लागतं, डॅमेज एका पॉइंटनेही वाढत नाही. आमच्या रेंजरकडे या जातीचा भाला होता आणि तीनेक महिने कुणी त्याचं नावही काढलं नाही. मग एका रात्री पार्टी जंगलात मुक्कामाला, पहाऱ्यावर एकटा क्लेरिक, बाकी सगळे झोपलेले. मी झाडीतून बगबेअर नावाचे राक्षस आणले. पहाऱ्याचा परसेप्शन रोल (चाहूल लागते का याचा फासा) पडला ४. माझ्या मनात पुढचं सगळं तयार होतं: पहिल्या फेरीत कुणाला हलता येणार नाही, आणि विझर्ड अंथरुणातच गारद होणार. मी “सरप्राइज” म्हणायला तोंड उघडलं, तर रेंजर खेळणारी मैत्रीण पान पुढे सरकवत म्हणाली, “थांब, हे वाच.”

वाचलं. शस्त्र नुसतं अंगावर असलं तरी तीस फुटांच्या आतले सोबती सरप्राइज होत नाहीत, आणि साध्या झोपेत असतील तर लढाई सुरू होताच जागे होतात. भाला उपसायचीही गरज नव्हती. सगळे तीस फुटांत होते. रेंजरने इनिशिएटिव्ह (आधी कोण खेळणार याचा फासा) ॲडव्हांटेजने, म्हणजे दोन फाशांतला मोठा घेत, टाकला, विझर्डने पहिल्याच फेरीत वेब हा जाळ्याचा मंत्र टाकून निम्मे बगबेअर अडकवले, आणि जो डाव दोघांच्या जिवावर बेतला असता तो वीस मिनिटांत संपला. आता सांगा, याची किंमत किती डी६? मी तर ‘व्हेरी रेअर’ यादीतल्या निम्म्या वस्तू या भाल्यावरून ओवाळून टाकीन.

व्होर्पल तलवारीबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. ‘लेजेंडरी’ आहे, +३ आहे, वीस पडले की मुंडकं धडावेगळं. वाचताना अंगावर काटा येतो. पण लेजेंडरी ॲक्शन (इतरांच्या टर्ननंतर मिळणाऱ्या जादा हालचाली) असलेल्या शत्रूचं मुंडकं उडत नाही, त्याला फक्त सहा डी८ जादा लागतात. म्हणजे ज्या ड्रॅगनसाठी तुम्ही ती जपून ठेवता, नेमकं त्याच्यावरच तिचं नाव गाजत नाही. रोजच्या कामाला येतो तिचा +३, आणि तो उत्तमच आहे.

शस्त्रांच्या किमतीच्या बाबतीत खेळाची जुनी ३.५ आवृत्ती मला जास्त सरळ वाटते. तिथे प्रत्येक करामत ‘प्लस’मध्ये मोजली जायची आणि किंमत म्हणजे प्लसचा वर्ग गुणिले २,०००: +१ ला २,०००, +२ ला ८,०००, +३ ला १८,०००. फ्लेमिंग (आगीची करामत) हवं की आणखी एक साधा प्लस, हा सौदा खेळाडूसमोर उघडा असायचा. चुका तिथेही होत्या. कीन, म्हणजे क्रिटिकलचा पल्ला दुप्पट करणारी करामत, कुठल्याही धारदार वा टोकदार शस्त्रावर एकाच प्लसला मिळायची, पण सिमिटार या वाकड्या तलवारीचा पल्ला १८-२० वरून १५-२० व्हायचा आणि कुऱ्हाडीचा जेमतेम १९-२०. तरी निदान तोलायला काटा तरी होता.

२०२४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये व्हिशस वेपन अखेर सुधारलंय. आता लागलेल्या प्रत्येक वाराला दोन डी६ जादा, तेही शस्त्राच्याच जातीचं डॅमेज, आणि अट्यूनमेंटशिवाय. माझ्या मते तो आता ‘रेअर’मधला पहिल्या पसंतीचा माल आहे. ते पान मी भावाला वाचून दाखवलं. त्याने कॅरेक्टर शीटवरची जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि पुढच्या सेशनला पहिलाच वार सहा पडून हुकला. दुसरा लागला. त्याने आधी दोन डी६ वेगळे काढून टाकले, ५ आणि ४, आणि मोठ्याने मला सांगितलं, “नऊ, ताई. वीस न पडता.”