अकरा महिने, चार हेडफोन: आलेख पाहून आणि आलेख मिटवून

चार हेडफोन, एक मोबाइलचा डोंगल (फोनला हेडफोन जोडणारा छोटा तुकडा), एक टेबलावरचा ॲम्प आणि अकरा महिन्यांचा जवळजवळ रोजचा वापर, एवढ्यानंतर हे लिहिलं आहे. चारही मुद्दाम वेगळ्या बांधणीचे घेतले: सेनहायझर एचडी ६०० (ओपन-बॅक म्हणजे उघड्या कपाचा, डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे वेटोळ्याने हलणारा नेहमीचा पडदा, ३०० ओम विद्युत रोध), बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो (क्लोज्ड-बॅक म्हणजे बंद कपाचा, ८० ओम), हायफायमॅन संडारा (ओपन-बॅक, प्लेनर ड्रायव्हर म्हणजे चुंबकांजवळचा सपाट, पातळ पडदा, ३७ ओम) आणि कॉस पोर्टा प्रो (कानावर टेकणारा, ६० ओम). हेडफोन जमवायचे तर असेच जमवावेत. एचडी ६०० असताना एचडी ६५० आणला तर मिळणारा फरक बराचसा दोन-तीन इक्यू (इक्वलायझर, वारंवारतेनुसार आवाज कमी-जास्त करणारी सोय) फिल्टरमध्ये बसतो. बंद कप आणि उघडा कप, प्लेनर पडदा आणि साधा डायनॅमिक पडदा यांतला फरक मात्र इक्यूने पुसला जात नाही, आणि या छंदातली खरी गंमत तिथेच आहे.

मोजमापांवर माझा राग नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा (कोणत्या वारंवारतेला आवाज किती, याचा) आलेख पाहिल्याशिवाय काहीही घेऊ नये. बेस कुठून उतरायला लागतो, १ ते २ किलोहर्ट्झमध्ये खड्डा आहे का, ८ किलोहर्ट्झच्या आसपास सुळका आहे का, हे आलेख अगदी प्रामाणिकपणे सांगतो. २०१३ च्या सुमारास हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन जो टार्गेट कर्व्ह (हेडफोनचा आलेख कसा असावा याचा नमुना) मांडला, त्याने खरेदी खूप सोपी केली. फक्त हे विसरू नये की तो अनेकांच्या पसंतीचा मध्य आहे. बेस किती हवा यावर त्या श्रोत्यांचंही एकमत नव्हतं.

दुसरं म्हणजे आलेख काढला जातो तो कृत्रिम कानावर. जुन्या प्रकारचे कपलर (असे कृत्रिम कान) साधारण ८ ते १० किलोहर्ट्झपर्यंतच खऱ्या कानासारखे वागतात. त्यापुढची रेघ वाचून "याची चमक जास्त, त्याची कमी" असे निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. शिवाय ५-६ किलोहर्ट्झच्या वर तुमच्या कानाची पाळी आणि पॅडची जागा एवढा फरक पाडतात की कप काही मिलिमीटर पुढे-मागे सरकला तरी ठरावीक पट्टीत काही डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं एकक) इकडचे तिकडे होतात. नीट मोजणारे लोक हेडफोन चार-पाच वेळा काढून-घालून सरासरी घेतात ते याचसाठी.

मग स्वतःच्या कानाचा सुळका शोधायचा कसा? साइन-टोन जनरेटर लावा, आवाज हळू ठेवा आणि ४ ते १२ किलोहर्ट्झ हा प्रवास अर्ध्या मिनिटात सावकाश करा. जिथे आवाज टोचतो तो आकडा लिहून ठेवा. हेडफोन काढा, परत घाला, पुन्हा करा. असं तीन वेळा. आकडा दोन-तीनशे हर्ट्झच्या आतच राहिला तर तो तुमचा आणि त्या हेडफोनचा जोडीने तयार झालेला सुळका समजा. तिथे पॅरामेट्रिक इक्यूमध्ये (वारंवारता, रुंदी आणि प्रमाण स्वतः ठरवता येणारा इक्यू) क्यू, म्हणजे फिल्टरची अरुंदी, ३ ते ४ घेऊन आधी फक्त ३ डीबी कापा. आकडा दर वेळी पळत असेल तर हात लावू नका, उद्या तो तिसऱ्याच ठिकाणी असेल. आणि एखादी वारंवारता गायबच होत असेल तर ती वर ओढून भरण्याचा प्रयत्न करू नका. तो खड्डा परावर्तनांनी एकमेकांना खोडल्यामुळे पडलेला असतो. जेवढं वाढवाल तेवढंच खोडलं जातं, वाया जाते ती ॲम्पची ताकद.

तुलना करताना सर्वांत मोठी फसगत आवाजाच्या पातळीची होते. अर्धा-एक डीबी मोठा वाजणारा हेडफोन "मोठा" वाटत नाही, "स्पष्ट" वाटतो, आणि इथेच अनेकांची मतं बनतात. डॅक (डिजिटल संकेताचं आवाजाच्या विद्युत संकेतात रूपांतर करणारं यंत्र) किंवा ॲम्प तपासायचे असतील तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, १०० हर्ट्झचा टोन वाजवून, दोन्हींचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवा. तो साधारण ०.१ डीबी होतो. मोजताना हेडफोन जोडलेलाच ठेवा. दोन वेगळ्या हेडफोनसाठी व्होल्टेज उपयोगाचं नाही. तिथे ५०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ एवढ्याच पट्टीचा पिंक नॉइज (एकसारखा खळखळाट) वाजवून कानाने जुळवावं. एकाच १ किलोहर्ट्झच्या टोनवर जुळवू नये, कारण नेमका तिथेच एखाद्याचा खड्डा असला तर सगळीच तुलना तिरपी होते.

आता एकेक. एचडी ६०० हा १९९७ पासूनचा, आणि अजूनही सुटे भाग मिळणारा. याचा मध्य (मधल्या सुरांची पट्टी) म्हणजे माणसाचा गळा, व्हायोलिन, हार्मोनियम. गाणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो, शब्दातला "स" आणि "श" कसे वेगळे पडतात, हे चारांमध्ये इथे सर्वांत सहज ऐकू येतं. तानपुऱ्याची जवारी इथे एकसंध गुंजते. चमकदार हेडफोनवर तीच जवारी सुटी होऊन तारेचा खरखराट पुढे येतो. आलेखावर हा फरक ३ ते ९ किलोहर्ट्झमधल्या काही डीबींचा दिसेल. तसा तो आहेही. पण तासभर एकच राग ऐकल्यावर त्या काही डीबींचं जे होतं, कान थकतो की आणखी एक ध्वनिमुद्रण लावावंसं वाटतं, ते आलेखात शोधून सापडत नाही.

याची मर्यादाही ठाम आहे: ५०-६० हर्ट्झखाली आवाज उतरत जातो. १०५ हर्ट्झवर लो-शेल्फ (त्याखालचा सगळा आवाज उचलणारा फिल्टर), क्यू ०.७, ४ ते ५ डीबी, आणि प्रीॲम्प (इक्यूमधली एकूण पातळी) उणे ५, एवढं केलं की डग्ग्याचा घुमारा अंगात येतो. यापुढे ओढलं आणि वर आवाजही वाढवला तर पडद्याची हालचाल टोकाला जाते आणि खालच्या सुरांत घरघर मिसळते. रुंदीची अपेक्षा याच्याकडून ठेवू नये. आवाज डोक्याच्या जवळ, समोरच्या छोट्या अर्धवर्तुळात राहतो. कोरा असताना क्लॅम्प (डोक्यावरची पकड) घट्ट असतो: डोक्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर रुंद अशा पुस्तकांच्या चळतीवर रात्रभर घालून ठेवला, असं चार-पाच रात्री केलं की पुरेसा सैल होतो. त्याहून सैल करू नका, पॅड कानामागे सुटायला लागतात.

प्लेनरचा बेस वेगळ्याच जातीचा. संडारावर तो अगदी खालपर्यंत सरळ पोचतो, तरी फुगत नाही. ऑर्गनची खालची पट्टी किंवा सिंथचा लांब स्वर यात "धक्का" कमी आणि "वजन" जास्त जाणवतं. ठोक्याची धार आवडणाऱ्याला सुरुवातीला तो मवाळ वाटेल. दोन आठवड्यांनी मत बदलतं. १ ते २ किलोहर्ट्झमध्ये हलका खड्डा आहे, त्यामुळे गायक एक पाऊल मागे उभा राहतो आणि मंच खोल वाटतो. साउंडस्टेज (आवाज डोक्याबाहेर मंचासारखा पसरल्याचा भास) म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातला बराच भाग असा साध्या खड्ड्यातून येतो असं माझं मत झालं आहे: खड्डा २ डीबीने भरला की गायक पुढे येतो आणि खोली आक्रसते. मी तो भरत नाही. ऑर्केस्ट्रासाठी ती चूक हवीहवीशी आहे.

प्लेनर हाताळताना एक काळजी. पॅडचं सील (कानाभोवतीची हवाबंद बसणी) चांगलं असेल तर कप गालावर झटकन दाबू नये. आत अडकलेली हवा पातळ पडद्याला ढकलते आणि कधी कधी चुरचुर ऐकू येते. खालची कड आधी टेकवून मग वरची बसवावी. चुंबक जोरदार असतात, म्हणून कानशी, लोखंडाचा कीस किंवा सोल्डरिंगचं टेबल यांच्या जवळ ठेवू नये. वजन ३७२ ग्रॅम, एचडी ६०० चं २६०. आकड्यांत फरक लहान दिसतो, पण दुसऱ्या तासाला टाळूला तो बरोबर कळतो.

डीटी ७७० घेतला तो बाहेरचा आवाज अडवायला आणि आपला बाहेर जाऊ नये म्हणून. बेस भरपूर, ट्रेबल ८ ते ९ किलोहर्ट्झच्या आसपास टोकदार. ध्वनिमुद्रणातली टकटक, श्वास, चुकीची जोडणी हा लगेच दाखवून देतो, म्हणून संपादनाच्या कामाला उत्तम. सलग ऐकायला वर सांगितलेला एक फिल्टर हवाच. बंद हेडफोनमध्ये चष्म्याचा प्रश्न सर्वांत मोठा. काडीखाली फट राहिली की १०० हर्ट्झखालचा आवाज चक्क गळतो. "आलेखात एवढा बेस आहे, मला का नाही" या तक्रारीचं उत्तर दहातल्या बऱ्याच वेळा चष्म्याच्या काडीत किंवा कानावरच्या केसांत असतं. बेसचं गाणं लावा, दोन्ही कप तळहाताने हलके दाबा. बेस एकदम वाढला तर गळती आहे. बारीक काडीचा चष्मा किंवा मऊ, जाड पॅड हाच उपाय, इक्यू नाही.

पोर्टा प्रो १९८४ पासूनचा आहे आणि त्याबद्दल थोडक्यात: वरचा बेस फुगीर, ट्रेबल मऊ, तपशील कमी, आणि तरीही जुनी गाणी लावली की हात त्याच्याकडेच जातो.

ॲम्पबद्दल बरीच धास्ती पसरवली जाते, म्हणून हिशोब मांडतो. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो तो आकडा) "डीबी प्रति मिलिवॉट" आहे की "डीबी प्रति व्होल्ट" हे आधी पाहा. ३०० ओमला दोन्हींत ५.२ डीबीचा, ३२ ओमला जवळजवळ १५ डीबीचा फरक पडतो. समजा ३०० ओमच्या हेडफोनची ९७ डीबी प्रति मिलिवॉट आहे. म्हणजे १ व्होल्टला १०२ डीबी. सरासरी ७५ डीबीवर ऐकलं आणि संगीतातली शिखरं २० डीबी वर गेली तरी ९५ लागतात. १ व्होल्ट देणारा साधा डोंगल पुरतो. पण इक्यूमध्ये प्रीॲम्प उणे ८ केला की हाती ९४ उरतात, आणि हळू मुद्रित केलेल्या रेकॉर्डिंगवर आवाज कमी पडायला लागतो. म्हणजे ॲम्पची खरी गरज इक्यूमुळे येते.

दुसरी बाब आउटपुट इम्पीडन्सची, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या विद्युत रोधाची. एचडी ६०० चा इम्पीडन्स सगळीकडे ३०० नसतो, १०० हर्ट्झच्या जवळपास तो ५०० ओमच्या आसपास चढतो. १२० ओम आउटपुटच्या ॲम्पवर त्यामुळे तिथे साधारण १ डीबी जास्त बेस मिळतो. त्याला "ऊब" म्हणतात, आणि ऐकायला ती खरोखर छान लागते. प्लेनरचा इम्पीडन्स सपाट असल्याने तोच ॲम्प त्याच्यावर ही ऊब देत नाही. कुणाला एखादा ॲम्प आवडला आणि कुणाला काहीच फरक वाटला नाही, तर दोघेही बरोबर असू शकतात.

बिघाडांपैकी सर्वांत जास्त घाबरवणारा म्हणजे एका बाजूने येणारी घरघर. ड्रायव्हर फाटला असं वाटतं, पण बहुतेकदा पडद्याला टेकलेला एक केस असतो. पॅड काढा, फोमची चकती उचला, भिंगातून पाहा, केस चिमट्याने जाळीवरून ओढा किंवा रबरी ब्लोअरने दुरून फुंका. डब्यातली दाबलेली हवा मारू नका. एका बाजूचा आवाज कमी झाला तर आधी हेडफोन उलटा घाला. कमी बाजू त्याच कानाला राहिली तर कान तपासा, कपाबरोबर गेली तर केबल आणि जॅक. अगदी हळू आवाजात दोन बाजू असमान असतील आणि मोठ्याला जुळत असतील तर दोष व्हॉल्यूमच्या पॉटचा (नॉबखालच्या बदलत्या रोधाचा) असतो. गेन कमी करून नॉब थोडा वर वापरावा.

पॅड ही वापरून संपणारी वस्तू आहे. दबलेल्या पॅडने कान ड्रायव्हरच्या जवळ येतो, सील बदलतं, आणि बदल इतका हळू होतो की लक्षात येत नाही. नवे पॅड बसवण्याआधी एका जुन्या पॅडची जाडी मोजून लिहून ठेवा. मखमली पॅड हवा सोडतात, कृत्रिम चामड्याचे अडवतात. प्रकार बदलला तर बेस बदलणारच, मग जुना इक्यू निरुपयोगी. कृत्रिम चामडं सोलपटतं ते घाम आणि दमटपणामुळे. ऐकून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसणं आणि बंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवणं एवढं पुरतं. डब्यात हेडबँड ताणून ठेवू नये.

बर्न-इनबद्दल, म्हणजे नवा हेडफोन वाजवत राहिल्याने त्याचा आवाज बदलतो या समजुतीबद्दल, मी एवढंच म्हणेन की पहिल्या आठवड्यात जे बदलतं ते मुख्यतः पॅड आणि मेंदू. म्हणून आठवडाभर एकच हेडफोन वापरावा, मग दुसरा. रोज चार बदलले तर प्रत्येक जण शेजाऱ्याच्या तुलनेत ऐकू येतो: संडारानंतर एचडी ६०० अरुंद, डीटी ७७० नंतर तोच मंद. आठवड्याने या विशेषणांतली निम्मी गळून पडतात. उरतात ती टिपणवहीत लिहावीत, सोबत ध्वनिमुद्रणाचं नाव, नॉबची जागा आणि इक्यू चालू होता की बंद.

नॉबची जागा लिहायला दुसरंही कारण आहे. आठवड्याला ४० तास ८० डीबी, आणि पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ओपन-बॅकवर पंख्याच्या आवाजात नकळत नॉब वर जातो. म्हणून पंखा चालू असताना डीटी ७७०, पंखा बंद झाल्यावर एचडी ६००, आणि रात्री अगदी हळू ऐकताना संडारा, लो-शेल्फ आणखी ३ डीबी वर. हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे.