घरचं हवामापक यंत्र: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर

आईला दम्याचा त्रास आहे आणि आमच्या उपनगराच्या एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला कारखाने आहेत. म्हणून हवा मोजणारं छोटं टेबलावरचं यंत्र घेतलं. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तिन्ही ऋतू ते चोवीस तास सुरू आहे. घेतल्या घेतल्या लिहिलेली परीक्षणं मीही वाचली होती, पण या यंत्राचा स्वभाव ऋतू पालटल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक ऋतूत ते वेगळ्या तऱ्हेने चुकतं आणि वेगळ्या तऱ्हेने उपयोगी पडतं.

आधी ते मोजतं कसं ते सांगतो. आत लेझरचा किरण आणि एक बारका पंखा असतो. पंखा हवा ओढतो, हवेतल्या कणांमुळे किरण विखुरतो आणि त्या विखुरण्यावरून पीएम २.५ चं, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचं प्रमाण ठरतं. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे कण किती बारीक ते लक्षात येईल. कणांचं वजन इथे होतच नाही, प्रकाशावरून अंदाज बांधला जातो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

यंत्राचे पैसे वसूल झाले ते हिवाळ्यात. रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन जड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. मग गाड्यांचा धूर, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर, सगळं त्या थराखाली कोंडून राहतं. आलेखात हे इतकं स्पष्ट दिसतं की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो: सूर्यास्तानंतर चढ, रात्रभर वरचाच आकडा, पहाटेपासून सकाळची वर्दळ ओसरेपर्यंत शिखर, आणि ऊन तापून हवा वर-खाली घुसळली जाऊ लागली की उतार. दुपारी दोन ते चारच्या सुमाराला हवा दिवसातली सगळ्यांत बरी. आई वर्षानुवर्षं पहाटे फिरायला जायची, कारण पहाटेची हवा शुद्ध असते असं आपण सगळेच मानतो. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे ते खरं नाही. आता ती हिवाळ्यात दुपार कलल्यावर आणि सूर्य मावळायच्या आत फिरून येते. खिडक्याही त्याच वेळी सताड उघडतो. तिचा खोकला त्यामुळेच कमी झाला असं मी म्हणणार नाही, पण पहाटेच्या धुरातून तिला बाहेर पाठवत नाही याचं मला फार समाधान आहे.

हे सरकारी हवा-मापन केंद्राच्या आकड्यावरून कळलं नसतं का? पूर्ण नाही. केंद्र आमच्यापासून लांब आहे, आणि भारताच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात (एक्यूआय) पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी धरतात. दिवसभराची हवा कशी होती याला तो आकडा चांगला, पण आत्ता खिडकी उघडू का, याचं उत्तर त्यात मिळत नाही. उलट अचूकतेत केंद्राच्या महागड्या उपकरणांशी घरच्या यंत्राची बरोबरी होऊच शकत नाही.

पावसाळ्यात यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि आकडा वाढतो. केंद्रांवर हवा आत घेताना कोरडी करायची सोय असते, घरच्या यंत्रात बहुधा नसते. त्यामुळे जोराच्या सरीनंतर आकडा छान खाली येतो, पण रिमझिम आणि दमट रात्री तो उगाच चढलेला दिसतो. दाट धुक्यात तर पाण्याचे थेंबच कण म्हणून मोजले जातात. नळाचं पाणी घालून चालणारं अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) शेजारी ठेवलं तरी आकडा भडकतो. तिथे मात्र पाण्यातले क्षार खरोखरच कण बनून हवेत उडत असतात.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. आभाळ धुळीने पिवळट झालेलं आणि यंत्र शांत, असं बरेचदा झालं. ही स्वस्त लेझर यंत्रं जाड धूळ नीट पकडत नाहीत. त्यांच्यावरचा पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा बव्हंशी बारीक कणांवरून काढलेला अंदाज असतो, म्हणून मी तो पाहतच नाही. दुपारच्या उन्हात तयार होणारा ओझोन तर हे यंत्र मोजतच नाही. तेव्हा कडक उन्हात हिरवा दिवा दिसला, तरी दम्याच्या माणसाने तेवढ्यावर विसंबू नये.

रंगांबद्दलही सावध राहा. पीएम २.५ घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांकात तो सुमारे ८३ म्हणजे ‘समाधानकारक’ ठरतो. अमेरिकी निर्देशांकात तोच सुमारे १३७ होतो आणि संवेदनशील लोकांसाठी अपायकारक गणला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची आहे. माझं यंत्र अमेरिकी मोजपट्टी धरून आलं होतं. आता मी निर्देशांक बंद करून थेट मायक्रोग्रॅम पाहतो.

कार्बन डायऑक्साइडचा आकडा मी घेताना फारसा मनावर घेतला नव्हता, पण आज तो पीएम २.५ इतकाच महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२५ भाग असतो. धूर नको म्हणून रात्री सगळं बंद करून झोपलो, की सकाळी खोलीत तो १५०० च्या पुढे गेलेला असतो आणि डोकं जड होतं. म्हणजे खिडकी उघडली तर धूर, मिटली तर कोंदट हवा. आम्ही आतलं दार उघडं ठेवून झोपतो आणि आईच्या खोलीत हवाशुद्धक लावतो. पण शुद्धक कण गाळतो, कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, हे दोन आकडे शेजारी पाहिले की लगेच पटतं.

तक्रारी दोन. तापमान दोनेक अंशांनी जास्त दाखवतं, कारण यंत्र स्वतःच आतून गरम होतं. आणि बॅटरी काही तासांत संपते, त्यामुळे ते कायम वायरीला जोडलेलंच ठेवावं लागतं. हवा ओढायच्या जाळीवर धूळ बसते, ती मऊ ब्रशने अधूनमधून काढतो. जोराने फुंकर मारू नका, धूळ आत जाते. जागा निवडताना चूल, एसीचा झोत आणि थेट ऊन टाळा.

घेणार असाल तर दुकानदाराला एवढं नक्की विचारा: कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांनी खरोखर मोजला जातो, की इतर वायूंवरून अंदाजाने दाखवला जातो? दुसऱ्या प्रकारात सेंटचा फवारा मारला तरी आकडा उसळतो. शिवाय जुन्या नोंदी बाहेर काढता येतात का, तेही बघून घ्या. एकटा आकडा फारसं सांगत नाही, आठवड्याचा आलेख सांगतो, आणि तो जपून ठेवता येत नसेल तर त्या यंत्राला मी तरी हात लावणार नाही.