जुन्या पॉवर टिलरची दुरुस्ती : वागळे इस्टेटमधील एका गाळ्याचा अनुभव

मुरबाड तालुक्यातील आमच्या घरच्या शेतीवर वडिलांनी घेतलेला कॅम्कोचा के.एम.बी. २०० पॉवर टिलर, म्हणजे मागून चालत हाकायचे दोन चाकांचे नांगरटीचे यंत्र, आजही वापरात आहे. कॅम्को म्हणजे १९७३ मध्ये स्थापन झालेली केरळ सरकारची शेती अवजारांची कंपनी. जपानच्या कुबोटा कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तिने हा टिलर बनवला. त्याला ई.आर. ९० हे १२ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, हँडल मारून सुरू करायचे डिझेल इंजिन आहे. आमची भाताची खाचरे लहान आणि एकाखाली एक उतरत गेलेली असल्यामुळे मोठा ट्रॅक्टर तिथे वळत नाही, आणि म्हणूनच हे यंत्र भंगारात न घालता नीट करून घ्यावे असे आम्ही ठरवले.

दुरुस्तीसाठी ते टेम्पोत घालून मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणले. इतक्या लांब का आणले, असे गावात अनेकांनी विचारले. त्याचे कारण असे की, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या सर्वात जुन्या वसाहतीत लेथ, बोअरिंग, वेल्डिंग आणि पट्ट्या-बेअरिंगची दुकाने आजही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि ज्या गाळ्याबद्दल मी लिहीत आहे त्याचे मिस्त्री शेतीची लहान यंत्रे अनेक वर्षे हाताळत आलेले आहेत. गाळ्यावर पाटी नाही. मला तो ओळखीतून कळला.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. निळा धूर येत होता, म्हणजे ऑइल जळत होते. मिस्त्रींनी अंदाजाने पिस्टनच्या रिंगा बदलल्या नाहीत. आधी लायनरची (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या आतील नळीची) झीज वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजली आणि आकडे मला लिहून दिले. झिजण्याचे कारणही त्यांनी शोधले : एअर क्लीनरच्या वाटीतील तेल सुकून गेले होते आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये जात होती. ही चूक आमचीच होती. ती वाटी नांगरटीच्या दिवसांत रोज उघडून पाहायला हवी, आणि नवा लायनर बसवल्यानंतर तर ती पाहण्यात एक दिवसही कसूर करू नये.

या गाळ्याचे खरे कसब मला रोटरीच्या, म्हणजे माती फोडणाऱ्या फिरत्या पात्यांच्या मागच्या भागाच्या, कामात दिसले. चिखलणीच्या वेळी रोटरी तासन्‌तास चिखलपाण्यात फिरते, आणि दांड्याभोवतीचे ऑइल सील (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) सैल झाले की पाणी रोटरीच्या तेलाच्या पेटीत शिरून तेल दुधाळ होते. असे तेल बेअरिंग फार दिवस टिकू देत नाही. यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही दोन हंगामांत दोनदा सील बदलून घेतले होते आणि दोन्ही वेळा ते पुन्हा गळले. मिस्त्रींनी रोटरीचा दांडा बाहेर काढला, पुसून उजेडात धरला आणि सीलची कड जिथे घासते तिथे पडलेली खाच नखाने तपासायला सांगितली. नवे सील त्याच खाचेवर बसले तर ते गळणारच, कारण त्याच्या रबरी कडेला टेकायला सपाट जागाच उरत नाही. त्यांनी शेजारच्या लेथवर दांड्याचा तेवढा भाग साफ करून त्यावर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवून घेतली आणि मग सील बसवले. यंदाची चिखलणी पूर्ण झाल्यावर मी पेटीतील तेल काढून पाहिले. ते स्वच्छ होते.

रोटरीच्या पात्यांबाबतही त्यांनी तितकीच काळजी घेतली. पाती डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असतात, आणि ती एकामागून एक जमिनीत शिरतील अशा क्रमाने लावावी लागतात. दोन-चार पाती एकदम आपटू लागली तर यंत्र हिसके देते आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. आमच्या रोटरीत तीन पाती उलटी लागलेली होती, आणि तो हिसका यंत्र जुने झाल्यामुळे बसतो असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो.

फेरफारांच्या बाबतीत मला त्यांचा नकार सर्वात जास्त आवडला. ट्रॉली जोडून रस्त्यावर जाताना वेग वाढावा म्हणून इंजिनावर मोठी पुली बसवून द्यावी, अशी माझी मागणी होती. त्यांनी ती मान्य केली नाही. पुली मोठी केली की प्रत्येक गिअरमध्ये वेग वाढतो पण ओढ कमी होते, रोटरीही ठरल्यापेक्षा जोरात फिरते, आणि मूळ वेगासाठी केलेले ब्रेक भरलेल्या ट्रॉलीला उतारावर पुरे पडत नाहीत, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. त्याऐवजी त्यांनी इंजिनाची ताकद पुढे नेणाऱ्या आणि आता घसरू लागलेल्या व्ही-पट्ट्यांचा पूर्ण संच एकाच वेळी बदलला. जुन्या ताणलेल्या पट्ट्यांमध्ये एकच नवी घातली तर सारा भार तिच्यावरच येतो. तेवढ्याने घसरण थांबली आणि वेगाची तक्रारही बरीचशी मिटली.

मागे बसून चालवण्यासाठी चाक असलेली बैठक मात्र त्यांनी करून दिली, आणि ती मूळच्या बोल्टच्या भोकांवरच बसवली. गिअरबॉक्सचे आवरण बिडाचे असल्यामुळे ते आधी न तापवता त्यावर वेल्डिंग केल्यास तडा जाण्याची भीती असते, म्हणून तिथे त्यांनी वेल्डिंगची कांडी लावूच दिली नाही. उद्या बैठक नको झाली तर चार बोल्ट काढून यंत्र पूर्ववत होईल. यंत्र ताब्यात देताना त्यांनी माझ्या पुतण्याला गल्लीच्या उतारावर नेऊन स्टिअरिंग क्लच, म्हणजे त्या बाजूच्या चाकाला इंजिनापासून सोडवणारी मूठ, दाखवला : सपाटीवर डावा क्लच दाबला की यंत्र डावीकडे वळते, पण उतारावर सुटलेले डावे चाक उलट जोरात धावते आणि यंत्र उजवीकडे जाते. नव्या चालकाला हे कोणी सांगितले नाही तर ते बांधावरून खाली जाऊन कळते.

तक्रार एकच आहे आणि ती लहान नाही. १५ मेचा वायदा होता; यंत्र मिळाले १८ जूनला. मधल्या काळात एकदाही त्यांचा फोन आला नाही, प्रत्येक वेळी मलाच विचारावे लागले. पेरणीनंतर तीन-साडेतीन आठवड्यांत रोपे लावणीला येतात आणि त्याआधी खाचरे तयार असावी लागतात, त्यामुळे हा उशीर आम्हाला जेमतेम निभावता आला.

सर्व मिळून ३४,५०० रुपये झाले. त्यात सुटे भाग, लेथचे काम आणि बैठक आली, टेम्पोचे भाडे वेगळे. काढलेला प्रत्येक जुना भाग त्यांनी पोत्यात घालून परत दिला आणि बिलावर प्रत्येक कामाची वेगळी नोंद केली. काम द्यायचे असल्यास दिवाळीनंतर भात झोडून झाले की लगेच द्यावे, उन्हाळ्यापर्यंत थांबू नये. गाळा शुक्रवारी बंद असतो.