थंडर, कॅव्हेलियर्स की सेल्टिक्स? अर्ध्या हंगामानंतर एक संघ निवडताना

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, २०२४-२५ चा हंगाम जानेवारी २०२५ अखेर अर्ध्यावर आलाय. प्रत्येक संघाच्या ८२ पैकी निम्म्याहून अधिक लढती झाल्या. भारतातून रोज दोन-तीन सामने पाहणं नोकरीवाल्याला शक्य नाही. क्लीव्हलंडचे घरचे सामने आपल्याकडे बहुधा पहाटे साडेपाचला सुरू होतात, बोस्टनचे सहाच्या सुमाराला, ओक्लाहोमा सिटीचे साडेसहाला. त्यामुळे जूनपर्यंत एकाच संघासाठी गजर लावायचा असेल तर तो कोणता, हे आत्ताच ठरवलेलं बरं.

गुणतक्ता पाहून मात्र ठरवू नका. प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांत, एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने खेळावे लागतात. समोरचा प्रशिक्षक दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यापर्यंत तुमची दुखरी जागा शोधतो आणि मग तिथेच मारत राहतो. म्हणून मी प्रत्येक संघाला एकच प्रश्न लावतो: ज्या रात्री थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) पडत नाहीत, त्या रात्री या संघाकडे काय उरतं?

बोस्टन सेल्टिक्स गतविजेते आहेत. गेल्या प्लेऑफमध्ये १६ विजय, ३ पराभव आणि अंतिम फेरीत डॅलसवर ४-१. हे त्यांचं १८वं विजेतेपद, लीगमधलं सर्वाधिक. टेटम, ब्राऊन, व्हाइट, हॉलिडे, पोर्झिंगिस हे पाचही जण बाहेरून नेम साधतात आणि पाचही बचाव करतात. एवढा परिपूर्ण पहिला पाच आज दुसऱ्या कोणाकडे नाही. राखीव खेळाडूंतून येणारा पेटन प्रिचर्ड तर या वर्षी विलक्षण खेळतोय. पण प्रशिक्षक जो मझूलांचा सगळा डाव थ्रीवर उभा आहे. हंगामाच्या पहिल्याच रात्री त्यांनी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध २९ थ्री टाकून लीगच्या विक्रमाची बरोबरी केली, आणि ५ जानेवारीला ओक्लाहोमा सिटीत हाच डाव अंगावर आला. मध्यंतराला ते दहा गुणांनी पुढे होते. उत्तरार्धात सगळा संघ मिळून फक्त २७ गुण! त्या दिवशी ४६ पैकी ९ थ्री पडले आणि सामना १०५-९२ असा गेला.

शिवाय अल हॉरफर्ड ३८ वर्षांचा आहे, हॉलिडे ३४ चा, आणि पोर्झिंगिसच्या पायाची काळजी कायम असते. २०१७ आणि २०१८ च्या वॉरियर्सनंतर कोणालाही विजेतेपद राखता आलेलं नाही. गेल्या सहा वर्षांत सहा वेगळे विजेते झाले. थकवा ही खरी गोष्ट आहे.

क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सनी सलग १५ विजयांनी सुरुवात केली, क्लबच्या इतिहासातली सर्वोत्तम. ती मालिका बोस्टननेच तोडली आणि १ डिसेंबरला क्लीव्हलंडने परतफेड केली. खेळाडू जवळपास तेच, बदलला तो प्रशिक्षक. केनी ॲटकिन्सन यांनी चेंडू वेगाने फिरवला, एव्हन मोब्लीच्या हाती जास्त सूत्रं दिली, आणि डॅरियस गार्लंड पुन्हा मोकळा खेळू लागला. बघायला हा संघ फार गोड आहे. चांगल्या मनाच्या माणसाला यांच्याबद्दल प्रेम वाटावं असाच.

माझी भीती एकच: गार्लंड आणि डोनोव्हन मिचेल दोघेही उंचीने लहान. प्लेऑफमध्ये त्यांना हेरून, प्रत्येक चालीत त्यांच्यासमोर मोठा खेळाडू आणून उभा करतील. मिचेल इतका मोठा खेळाडू असूनही आजवर एकदाही कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीला, पोहोचलेला नाही. गेल्या वर्षी बोस्टनने त्यांना ४-१ असं हरवलं, पण तेव्हा जॅरेट ॲलन पूर्ण मालिका बाहेर होता आणि मिचेल शेवटचे दोन सामने. म्हणून त्या निकालावरून त्यांना मोडीत काढणं अन्यायाचं होईल.

निक्सचे मुख्य खेळाडू फार जास्त मिनिटं खेळतात. डेन्व्हर नगेट्सकडे निकोला योकिच आहे, पण त्याच्या मागे तोडीचे राखीव खेळाडू नाहीत. २०१९ ला मुंबईत सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्या लढती पाहून ज्यांनी किंग्जना धरलं, त्यांचा जिव्हाळा कळतो, मालक विवेक रणदिवे मुंबईचेच. पण विजेतेपदाच्या चर्चेत ते या वर्षी नाहीत.

आता ओक्लाहोमा सिटी थंडर. आधी त्यांच्याविरुद्धचा पुरावा मांडतो. १७ डिसेंबरला एनबीए कप या हंगामाच्या मधल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मिलवॉकी बक्सनी त्यांना ९७-८१ असं हरवलं. थंडरचे ३२ पैकी ५ थ्री पडले. गेल्या मे महिन्यात ते डॅलसकडून दुसऱ्याच फेरीत बाहेर पडले. २००८ साली सिएटलहून आल्यापासून या शहराने विजेतेपद पाहिलेलं नाही. २०१२ ला ड्युरँट, वेस्टब्रुक, हार्डन असूनही अंतिम फेरीत मायामीपुढे हार झाली.

तरीही माझं मत त्यांनाच. या संघाचा बचाव नेमबाजीवर अवलंबून नाही. लू डॉर्ट, ॲलेक्स करूसो, केसन वॉलेस, जेलन विल्यम्स हे चौघे चेंडू हातात असलेल्या माणसाला श्वास घेऊ देत नाहीत. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावून घेण्यात त्यांच्या जवळपास कोणी नाही. गेल्या वर्षी रिबाउंडमध्ये (हुकलेला चेंडू पकडण्यात) मार खाल्ला म्हणून हार्टनस्टाइनला आणलं. नोव्हेंबरात थंडरचा उंच खेळाडू चेट होल्मग्रेनचं कंबरेचं हाड मोडलं, तरी सलग १५ सामने जिंकले. ती मालिका ८ जानेवारीला क्लीव्हलंडने घरच्या मैदानावर १२९-१२२ अशी मोडली. या हंगामातला मी पाहिलेला सर्वांत सुंदर सामना. आठ दिवसांनी परतीच्या लढतीत थंडरने १३४-११४ असा हिशेब चुकता केला: शे गिल्जस-अलेक्झांडरचे तीन क्वार्टरमध्येच ४० गुण, आणि मिचेल ८ वर रोखलेला.

तेव्हा भरवसा हवा असेल आणि मोठे सामने खेळून मुरलेला संघ आवडत असेल, तर बोस्टन. गुंतायला, जीव लावायला क्लीव्हलंड. जूनमध्ये चषक उचलताना पाहायचंय आणि तोवर होल्मग्रेनच्या परतण्याची वाट पाहायची तयारी आहे, तर थंडर. घाई नसेल तर ६ फेब्रुवारीची खेळाडू अदलाबदलीची मुदत जाऊ द्या.

एवढं करूनही मन डळमळलं, तर थंडर बोस्टनला खेळायला जातील तो सामना लावा. आपल्याकडे ती १३ मार्चची पहाट असेल. अमेरिकेतली घड्याळं तोवर पुढे सरकलेली असतील, म्हणून तासभर आधी उठा. डॉर्ट टेटमला धरतो की ब्राऊनला, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये थ्री पडेनासे झाले की बोस्टन रिंगकडे घुसतं का, याकडे लक्ष ठेवा.