टिटलिसचा दिवस: ग्रुपच्या कोचने की ट्रेनच्या पासवर?

स्वित्झर्लंडला जायचं ठरलं की आपल्याकडे, निदान पुण्यात तरी, घरोघरी एकच चर्चा सुरू होते: इथल्या एखाद्या टूर कंपनीबरोबर कोचनं, म्हणजे ग्रुपच्या बसनं फिरायचं, की ट्रेन-बस-बोटींना चालणारा स्विस ट्रॅव्हल पास काढून आपलं आपण? मी दोन्ही केलं आहे. आधी आई-बाबांना घेऊन ग्रुपबरोबर, नंतर बायको आणि मुलीबरोबर ट्रेननं. व्हिसा, विमान, हॉटेल यांची माहिती सगळीकडे मिळते. म्हणून मी फक्त एकाच दिवसाबद्दल लिहितो, ल्युसर्न शहर आणि त्याच्याजवळच्या बर्फाच्छादित माउंट टिटलिस डोंगराच्या. तो जवळजवळ प्रत्येक टूरमध्ये असतो.

कोचचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. बॅगा हॉटेलच्या दारात बसच्या पोटात जातात आणि पुढच्या हॉटेलच्या दारात बाहेर येतात. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे आम्हाला याचं फार मोल वाटलं. दुपारी गरम वरण-भात मिळाला की आईचा चेहरा खुलायचा. स्वच्छतागृह कुठे आहे, कुठे सुटे फ्रँक लागतात, हे टूर मॅनेजरला पाठ होतं. आणि भाषा! ल्युसर्नमध्ये कड्यात कोरलेला जखमी सिंह आहे. १७९२ मध्ये पॅरिसच्या राजवाड्याचं रक्षण करताना मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचं ते स्मारक, १८२१ सालचं. ही हकिकत बाबांनी मराठीत ऐकली, मराठीत शंका विचारल्या, आणि ते कितीतरी वेळ तिथून हलेनात. ट्रेननं गेलो तेव्हा हे सांगायला कुणी नव्हतं. मुलीला मीच वाचून दाखवलं, पण त्यात ती मजा नव्हती.

घाई होते, ही कोचबद्दलची नेहमीची तक्रार. होतेच, पण तिचा दोष मी टूर मॅनेजरला देणार नाही. युरोपात कोचच्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसभरातलं ड्रायव्हिंगही साधारण ९ तासांत बसवावं लागतं, आणि गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवत असतं. रात्रीचं हॉटेल दुसऱ्या गावात असेल तर ल्युसर्नच्या लाकडी चॅपल ब्रिजवर अर्धा तास जास्त थांबणं कुणाच्याच हातात नसतं. शिवाय घड्याळ-चॉकलेटांच्या दुकानांसाठी ठेवलेला वेळ ग्रुपमधल्या अनेकांना हवाच असतो. मला नको होता, एवढंच.

माझं मत फिरलं ते हवामानावरून.

ग्रुपचा टिटलिसचा दिवस पुण्यातल्या ऑफिसात कित्येक महिने आधी ठरलेला असतो. तिकिटं घेतलेली, जेवणाची वेळ दिलेली, पुढचं हॉटेल दुसरीकडे. आम्ही पोहोचलो तेव्हा वर दाट ढग होता. गोल फिरणारी रोटेअर केबल कार १९९२ पासून आहे, जगातली त्या प्रकारची पहिली. पाच मिनिटांत ती पूर्ण एक फेरी घेते, म्हणजे सगळ्या बाजूंचा देखावा प्रत्येकाला दिसावा. आम्हाला सगळ्या बाजूंनी पांढरं दिसलं. वर, सुमारे ३,००० मीटरवर, झुलत्या पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. बर्फाची गुहा तेवढी नीट पाहता आली, कारण ती आतच आहे. सिंहगडावर ढग असला तर आपण उलट खुशीनं जातो, भजी आणि मडक्यातलं दही कुठे जात नाही. पण टिटलिसला माणूस जातो तो आल्प्स बघायला. आई काहीच बोलली नाही, काचेतून बघत राहिली. ते मला अजून टोचतं. या वयात ती पुन्हा तिथे जाईल असं वाटत नाही.

ग्रुपमधल्या कुणीतरी विचारलं, उद्या येता येईल का? अर्थातच नाही. चाळीसेक माणसांची साखळी एका ढगासाठी हलवता येत नाही.

पासवर गेलो तेव्हा मुक्काम ल्युसर्नमध्येच ठेवला, स्टेशनजवळ. तिथे सकाळी टीव्हीवर डोंगरमाथ्यांवरच्या कॅमेऱ्यांची थेट चित्रं दाखवतात, फोनवरही दिसतात. खाली करडं आकाश असताना वर लख्ख ऊन असू शकतं आणि याच्या उलटही, त्यामुळे खिडकीतून बघून काही कळत नाही, कॅमेराच बघावा लागतो. त्या सकाळी टिटलिस ढगात होता, पण त्याहून बराच ठेंगणा रिगी हा डोंगर मोकळा होता. मग बोटीनं तळ्याकाठच्या फिट्झनाउ गावाला गेलो आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीनं वर. १८७१ मध्ये सुरू झालेली ती युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. बोट आणि गाडी दोन्ही पासमध्येच. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात टिटलिस स्वच्छ दिसला. टिटलिसच्या पायथ्याच्या एंगेलबर्ग गावाला ट्रेन पाऊण तासाच्या आत पोहोचवते, केबल कारचं तिकीट पासवर निम्म्यात मिळतं आणि ते तिथेच खिडकीवर घेतलं, म्हणून बेत बदलूनही पैसे बुडाले नाहीत. लवकर निघालो हेही बरं झालं, उन्हाळ्यात दुपारकडे डोंगरांवर ढग जमू लागतात.

त्रास होतोच. बॅगा आपण ओढायच्या, जेवणाचं आपण बघायचं. आम्ही सुपरमार्केटमधला ब्रेड, चीज आणि घरून नेलेला मेतकूट-भात यांवर भागवलं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनातली उघडी असतात, हे लक्षात ठेवा. मुलं सहा ते पंधरा वर्षांची असतील तर फॅमिली कार्ड मागून घ्या, आई-बाबांपैकी एकाच्या पासवर ती फुकट फिरतात.

आमच्या ग्रुपच्या वाट्याला नेमका वाईट दिवस आला असेल, आणि त्याच टूरला स्वच्छ ऊन मिळालेले लोकही मला भेटले आहेत. ज्यांना परदेशात एकट्यानं वावरायची धास्ती वाटते, किंवा ज्यांना पाच देश एका दमात बघायचे आहेत, त्यांच्यासाठी कोच सोयीचा आहे. पण फक्त स्वित्झर्लंड करायचं असेल, तर मी पास घेईन. आई-बाबांना नेतानाही आता तसंच करेन: ल्युसर्नमध्ये लिफ्टचं हॉटेल, बॅगा एकदाच उचलायच्या, आणि वर जायचा दिवस मोकळा ठेवायचा. कोचच ठरवत असाल तर पैसे भरण्याआधी ऑफिसात एवढं जरूर विचारा, की स्वित्झर्लंडमध्ये एकाच हॉटेलात सलग किती रात्री आहेत. तीन असतील तर डोंगराचा दिवस पुढेमागे करायला निदान वाव राहतो.